पहिल्यापासून लावा की!

...नाही नाही, चहा ठेवा बाजूला, आधी मला सांगा, सिनेमा ही वस्तू असते कशासाठी? पुढे जाण्यासाठी ना? सुरू होतो, मध्यावर येतो, संपतो, माणसं उठतात, घरी जातात! एसटीचं तसंच. मी कृपादान, कर्जतच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, एकोणतीस वर्षं त्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या, यंदा मे महिन्यात रिटायर झालो. आणि तुम्हाला सांगतो, गाडी एकदा फलाटावरून सुटली की सुटली! मागून कुणी पिशवी हलवत पळत येतं, 'ओ सायेब, म्हातारी ऱ्हायली, आमची म्हातारी ऱ्हायली!' राहू दे! म्हातारीला पुढची गाडी! सुटलेली गाडी परत फलाटावर लागत नाही. आणि आमच्या घरात? आमच्या घरात या नाताळच्या सुट्टीत एकच सिनेमा अकरा वेळा सुटला आणि अकरा वेळा परत फलाटावर लागला! का? तर कुणीतरी उघड्या दारातून आत येतं, चप्पल काढतं, बूड टेकवतं, करंजी तोंडात घालतं आणि भरल्या तोंडानं म्हणतं, 'पहिल्यापासून लावा की!'

पहिली वीस मिनिटं मला तोंडपाठ आहेत. झोपेतून उठवून विचारा! चार मिनिटं नुसती नावं. मग धुरळा, धुरळ्यातून बैलगाडी, डावा बैल पांढरा, उजव्याचं शिंग मोडलेलं. गाडीतून हिरो उतरतो, शहरात शिकून आलेला, अंगात कोट, हातात पत्र्याची ट्रंक, आणि ओट्यावर तांदूळ पाखडणाऱ्या बाईकडे बघून ओरडतो, 'आई, मी आलो!' आई सूप टाकून पळते, तांदूळ सांडतात, कोंबड्या येतात. अहो, अकरा वेळा आला हा माणूस! सहाव्या वेळेपासून तर त्याच्याबरोबर आमचं अख्खं घर ओरडायला लागलं, 'आई, मी आलो!' अरे आलास ना बाबा? मग आता पुढे काहीतरी कर! प्रेम कर, भांडण कर, विहिरीत उडी टाक, पण पुढे हो!

आता तुम्ही म्हणाल, एवढा का जीव काढतोय हा? जुना सिनेमा, काळा-पांढरा, नाही पाहिला तर काय बिघडलं? बिघडलं! कारण त्या सिनेमात माझी आई आहे.

हसू नका. खरंच आहे. माझी आई, छबूबाई, आज ऐंशीला टेकलीय. ती लग्न होऊन आमच्या गावात आली, मिरजगावच्या अलीकडे आमचं गाव, त्याच वर्षी तिथं या सिनेमाचं शूटिंग झालं. आमच्या विहिरीवर. हिरोईन काठावर बसून गाणं म्हणते आणि मागून बायका डोक्यावर हंडे घेऊन जातात, एवढाच सीन. त्यांनी गावातल्याच बायका गोळा केल्या. 'चला, कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, नाकासमोर चालायचं, बघायचं नाही हां, बघायचं नाही!' दहा वेळा बजावलं. मग एक माणूस कुंकवाचा करंडा घेऊन आला. आईपाशी आल्यावर आई म्हणाली, 'आमी ख्रिस्ती हाय, आमी लावत न्हाई.' तो म्हणाला, 'बाई, सिनेमापुरतं लावा.' आई म्हणाली, 'सिनेमापुरतं लावायचं आन रविवारी देवळात काय सांगायचं?' मग त्यानं तिला उचलून शेवटच्या रांगेत टाकलं. आणि पुढच्या रांगेत, अगदी पुढे, कोण? आक्काबाई!

आक्काबाई म्हणजे आमच्या शेजारची. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून आल्या, भिंतीला भिंत, आजही एकीशिवाय दुसरीचं पान हलत नाही. आणि भांडणात एकमेकींना सोडतही नाहीत! झालं असं, की वर्षभरानं गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला आणि त्यात हाच सिनेमा. आख्खा गाव निघाला. आईनं नवं लुगडं नेसलं, दारापर्यंत आली, आणि दारातच कळा सुरू झाल्या. कुणाच्या? माझ्या! मी जन्मलो! दुसऱ्या दिवशी तंबू उठून गेला. 'तुझ्यामुळं माझा सिनेमा हुकला,' हे मी अठ्ठावन्न वर्षं ऐकतोय. दहावीला नापास झालो तेव्हा आई म्हणाली, 'सिनेमा हुकवलास तवाच वळखलं हुतं.' माझ्या लग्नात वरात उशिरा आली, 'ह्याला टायमाचं कदी कळलंय का? सिनेमाच्या टायमाला जल्माला आला!' आणि हे कुणाला म्हणायचं? वाहतूक नियंत्रकाला!

तर मी दोन दिवसांचा असताना आक्काबाई बाळ बघायला आली. बाळ राहिलं बाजूला. तिच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, हा एवढा विंचू गोंदलेला आहे, तो हात नाचवत म्हणते कशी, 'छबे, मी हाय गं सिनेमात! पुढंच हाय! आन तू न्हाईस. तुला कापली!' झालं. तेव्हापासून आजपर्यंत, गिरणीत, लग्नात, रेशनच्या रांगेत, तो विंचू नाचतोय. 'मी सिनेमातली हाय, छबी न्हाई.' आई म्हणते, 'हाय मी, मागं हाय.' ती म्हणते, 'म्या डोळ्यानं पाह्यलं ना, न्हाईस!' आता डोळ्यानं पाहिलेल्यापुढे काय बोलणार? तंबूत विहीर दिसताच गाव शिट्ट्या मारत उभा राहिला होता, धड कुणालाच काही दिसलं नव्हतं, मग अख्ख्या गावानं तिचंच मान्य केलं. आई खोटी पडली. अठ्ठावन्न वर्षं माझी आई गावात खोटी आहे, आणि तिला साक्ष देता आली नाही, कारण ऐन वेळेला मी जन्मलो!

नोव्हेंबरात आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आत भिंग बसवलं. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय म्हणाली असेल? देवाचे आभार? नाही! म्हणाली, 'किरपादान, आता दिसाया लागलंय. आकीला समोर बसवून मला तो सिनेमा दाव. मी मेल्यावर लावून काय उपेग?' आणि आक्काबाई दोन जानेवारीला थंडीसाठी लेकीकडे कोपरगावला जाणार, ती एकदम उन्हाळ्यात परत येणार. ऐंशीच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या. उन्हाळ्याचा काय भरवसा द्यायचा? म्हणजे मुदत एक जानेवारी.

आमचा जस्टिन पुण्याला असतो. त्यानं कुठल्या तरी जुन्या सिनेमांच्या वेड्याला गाठून तो सिनेमा पेनड्राइव्हमध्ये आणला. चोवीस तारखेला गाडीतून उतरला तो पेनड्राइव्ह हातात धरूनच. मला वाटलं, जिंकलो! कसलं काय! तो पेनड्राइव्ह आमच्या टीव्हीला लावला की सिनेमा पुढे ढकलता येत नाही. ढकलला की पडद्यावर गोल फिरतं, फिरतं, फिरतं आणि पुन्हा धुरळा, बैलगाडी, 'आई, मी आलो!' मध्येच थांबवला तरी तेच. लाईट गेली तरी तेच. पहिले पाढे पंचावन्न! जस्टिन म्हणतो, 'पप्पा, ती फाईलच तशी आहे, मोबाईलवर पाहू.' मोबाईलवर? अरे, शेवटच्या रांगेतली बाई ती! मोबाईलवर ती मुंगीएवढी दिसणार, त्यात आईला दिसतं एकाच डोळ्यानं, आणि समोर आक्काबाई, जी टीव्हीएवढी दिसली तरी मान्य करणार नाही!

बरं, सलग पाहू म्हणावं, तर आमच्याकडे नाताळात दार लावायचं नाही! हा आईचा कायदा. 'आपला तारणारा जल्माला आला तवा दारं बंद हुती, त्याला कुनी जागा दिली न्हाई. आपल्या घरात तसं व्हायचं न्हाई.' म्हणून पंचवीस ते एक तारखेपर्यंत दिवसभर दार सताड उघडं! बाहेर थंडी अशी, की खोबरेल तेलाची बाटली चुलीपाशी ठेवावी लागते, आणि आम्ही सगळे आपापल्या गोधडीत, कानटोप्या घालून, बोचऱ्या वाऱ्यात सिनेमा बघतोय. जस्टिनची बायको सिल्व्हिया हातमोजे घालून करंजी खात होती, हातमोजे! म्हटलं, बाई, नक्की कुठं आहोत आपण?

पंचवीस तारीख, दुपार. सिनेमा लावला. आक्काबाई खुर्चीत, आई शेजारी. धुरळा, बैलगाडी, 'आई, मी आलो!' पंधरा मिनिटं झाली, विसाव्याला दारात आमच्या आळीतला हनुमंत. मळ्यातून सरळ आला, पायाला चिखल. 'नाताळच्या शुभेच्छा बरं का कृपाभाऊ! चालू द्या, चालू द्या, मी बसतो.' बसला. करंजी घेतली. दोन मिनिटं बघितलं. 'हा कोटवाला कोन?' हिरो आहे. 'मंग ती रडती का?' त्याची आई आहे. 'मंग हा मिशीवाला का हसतोय?' अरे, पुढे कळेल! 'न्हाई, पुढचं कळाय मागचं कळाया पायजे ना... पहिल्यापासून लावा की!' मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, 'लाव. पाव्हण्याला अर्धी भाकर चालंल, अर्धा सिनेमा न्हाई.' म्हटलं, आई, तुझ्यासाठी चाललंय हे सगळं! 'माझं ऱ्हाऊ दे. घरात आलेल्या मान्साला अर्ध्यातनं कसं दावायचं?' लावला. हिरो आला. अठराव्या मिनिटाला हनुमंतचा फोन, 'लाईट आली, मोटर चालू करायची!' हा उठून गेला मळ्यात. तो गेला आणि एकविसाव्या मिनिटाला त्याची बायको रुपाली आली. 'आमचे हे आलते का? काय, सिनेमा बघताय? अगं बाई, जुना! मला लई आवडतात जुने... पहिल्यापासून लावा की!'

सव्वीस तारखेला तीन वेळा सुटला, तीन वेळा परत. एकदा लाईट गेली. एकदा दीनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, महिला मंडळाच्या अकरा बायका एकदम आल्या. एकदा मीच शिंकलो, हात रिमोटवर पडला आणि येरे माझ्या मागल्या! घरातले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी चालत्या गाडीला लाथ मारलीय.

सत्तावीसला जस्टिन म्हणाला, 'पप्पा, तुम्ही तणावाखाली आहात, आज आपण नवा सिनेमा पाहू, माझ्या मोबाईलवरून टीव्हीवर लावतो, याला कुठंही थांबवा, तिथूनच पुढे सुरू होतो.' ऐका! जो बघायचा नाही तो बरोबर तिथूनच सुरू होतो! लावला. तुम्हाला सांगतो, अर्धा तास आम्हाला टीव्ही बंद आहे की चालू हेच कळेना. सगळा अंधार! अंधारात एक माणूस दुसऱ्याला कुजबुजत काहीतरी सांगतो, दुसरा पाच मिनिटं भिंतीकडे बघतो. आई म्हणाली, 'ह्यांच्यातबी लोडशेडिंग हाय का रं?' जस्टिन म्हणाला, 'आजी, तो मनातून खचलाय.' आई म्हणाली, 'मग दिवा लावून खच म्हनावं.' तासाभरानं उजेड झाला, आम्ही जरा सरसावून बसलो, तर पडद्यावर एकदम नवरा-बायको असे काही जवळ यायला लागले... आणि दारात कोण? पाळकसाहेब! आमच्या चर्चचे पाळक, हातात बायबल! जस्टिन मोबाईल शोधतोय, मोबाईल गोधडीत, गोधडी सिल्व्हियाखाली, आम्ही सगळे एकदम छताकडे बघतोय, पंखा हिवाळ्यात बंद, त्या बंद पंख्याकडे सहा माणसं टक लावून! पाळकसाहेब म्हणाले, 'काय झालं, पाल आहे का?' म्हटलं हो साहेब, पाल आहे, मोठी आहे. आणि या सिनेमाला मात्र एकजणही म्हणाला नाही हो, की पहिल्यापासून लावा!

तीस तारखेला माझं डोकं फिरलं. सरळ उठलो, दार लावलं, कडी घातली. आतून शांत, उबदार, वा! धुरळा, बैलगाडी, हिरो आला. पंचवीस मिनिटं! पंचवीसच्या पुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो, तिथं मिशीवाल्याला बहीण आहे हे मला पहिल्यांदा कळलं! मी म्हटलं आता सुटली गाडी! मागे बघतो तर आई खुर्चीत नाही. ती उठली होती, भिंत धरत धरत गेली होती आणि कडी काढत होती. मी ओरडलो, हो, ओरडलो आईवर. 'आई, बस की! तुझी साक्ष निघायची का नाही? तुझ्या जिवाला काही वाटतं का नाही? दोन तारखेला आक्काबाई चालली!' आई दाराला धरून उभी राहिली, म्हणाली, 'मला वाटतं रं. लई वाटतं. पन दार लावून बघितला तर तो सिनेमा मला ग्वाड लागंल का?' आणि दार उघडलं. बाहेर हनुमंत उभा. 'दार का लावलं हुतं? मी गेलो हुतो परत... काय, कुठवर आलाय?'

मग मात्र मी डोकं चालवलं. एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे माझ्याकडे! प्रवासी एकेक करून येत असतील तर काय करायचं? सगळ्यांना एकाच गाडीत बसवायचं! एक जानेवारी, दुपारी तीन, गावातला जो जो येण्याची शक्यता आहे तो तो आधीच बोलावला. हनुमंत, रुपाली, महिला मंडळ, सगळे. मोटरी आधीच चालू करून या म्हटलं, फोन बंद ठेवा, लघुशंका उरकून घ्या! दार उघडं, पण आता येणारच कोण? सत्तावीस माणसं बसली, पुढे दोन खुर्च्यांवर दोघी म्हाताऱ्या. लावला. बारावी वेळ. सगळ्यांनी मिळून 'आई, मी आलो!' केलं. वीस मिनिटं गेली. पंचवीस गेली. चाळीस! हिरोला हिरोईन भेटली, तिची शेळी हरवली, शेळी सापडली, मिशीवाल्यानं हिरोला चाबकानं मारलं, महिला मंडळ रडलं. पंचावन्न मिनिटं! आणि विहीर! आमची विहीर! हिरोईन पायऱ्या उतरायला लागली, गाण्याआधीची सनई वाजली, आईनं माझा हात घट्ट धरला...

'देव आशीर्वाद देवो, सर्वांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा!'

पाळकसाहेब. त्यांना मी बोलावलं होतं हो, पण त्यांची दुसऱ्या गावी उपासना होती, ते येणार नाहीत असंच धरून चाललो होतो. आणि माणूस इतका भला, की म्हणतो, 'नाही नाही, पहिल्यापासून लावू नका, मला घाई आहे. बंदही करू नका. आवाज तेवढा कमी करा, मी नव्या वर्षाची एक छोटी प्रार्थना करतो आणि निघतो. सर्वांनी डोळे मिटू या.' आता प्रार्थनेला नाही कसं म्हणायचं? मी आवाज बंद केला. सत्तावीस माणसांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. छोटी प्रार्थना! त्यांनी पावसासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, मग म्हणाले, 'आणि प्रभू, या कुटुंबाच्या मनातली जी इच्छा आहे ती पूर्ण कर.' अहो, इच्छा टीव्हीवर चाललीय! तुम्ही थांबलात तर पूर्ण होईल!

मी डोळा उघडला. एक. देव क्षमा करो.

आवाज नाही. हिरोईनचे नुसते ओठ हलतायत. मागून बायका निघाल्या. पुढच्या रांगेत, पडद्याच्या अगदी कडेला, एक हात. हंडा धरलेला, बांगड्या भरलेला, आणि कोपराच्या खाली विंचू. बस. कोपरापर्यंत! चेहरा नाही, पदर नाही, आक्काबाई नाही. आक्काबाईचा विंचू आहे! मग एक रांग गेली, दुसरी गेली, आणि शेवटी, एकटी, जरा मागे पडलेली, मोकळ्या कपाळाची एक पोरगी. वीस वर्षांची. दहा वेळा बजावलं होतं ना कॅमेऱ्याकडे बघू नका? ती थांबली, मान वळवली, सरळ आमच्याकडे बघितलं आणि हसली. अख्खी! पडद्यावर मधोमध! हिरोईन राहिली बाजूला! म्हटलं, मला ही बाई कधी भेटलीच नव्हती. मी यायच्या आधीची माझी आई. इतकी हसरी होती होय ही? मी शेजारी वळून बघितलं, ऐंशी वर्षांची आई मान खाली घालून, हात जोडून बसलेली, डावा डोळा मिटलेला... आणि उजवा टक्क उघडा! टीव्हीवर! पाणी वाहतंय त्यातून. आम्ही एकमेकांकडे बघितलं, दोन चोर. 'आमेन!' आई म्हणाली. विहीर संपली होती.

आणि आक्काबाईनं डोळे उघडले. तुम्हाला सांगतो, ती काही ख्रिस्ती नाही, तिनं डोळे मिटायची काहीएक गरज नव्हती, पण 'ज्याच्या घरात बसलो त्याच्या देवाचा मान ठेवायचा' म्हणून तिनं सगळ्यांपेक्षा घट्ट मिटले होते. तिनं टीव्हीकडे पाहिलं, शेळी दिसली. 'विहिरीचं आलं का?' गेलं, म्हटलं. 'गेलं?' तिनं कपाळावर हात मारला आणि तोंडातून निघून गेलं, 'अगं आई गं! तवाबी हुकलं, आताबी हुकलं!'

हनुमंत म्हणाला, 'तवा म्हंजी?' आक्काबाईनं पदर तोंडाला लावला. 'तवा तंबूत माझी पोरगी रडाय लागली म्हनून भाईर गेल्ते. आत आले तवर विहीर सरली हुती.' म्हणजे? म्हणजे हिनं पाहिलंच नव्हतं! स्वतःलाही नाही! अठ्ठावन्न वर्षं डोळ्यानं पाह्यलं, डोळ्यानं पाह्यलं, आणि ही बाहेर पोरगी खेळवत होती! माझं रक्त असं उसळलं, म्हटलं, आता आई बोलणार! केस जिंकलीस आई, सत्तावीस साक्षीदार बसलेत, बोल! विंचवाचं सांग! हिचा नुसता कोपर आहे, सांग! आई आक्काबाईच्या त्या गोंदलेल्या हातावर हात ठेवून म्हणाली, 'हाईस गं आके तू. पुढंच हाईस.'

'खरं?'

'देवाशप्पत.'

'आन तू?'

'मीबी हाय. मागं.'

आक्काबाईचे डोळे भरले. 'छबे, मग मला बघाय पायजे. म्या कदी बघितलंच न्हाई मला. कोपरगाव ऱ्हाऊ दे, मी न्हाई जात. किरपादान, बाबा, पहिल्यापासून लाव!'

मी स्वयंपाकघरात आईला गाठलं. म्हटलं, प्रार्थनेत डोळा उघडा ठेवलास? 'देवानं दिलेला डोळा मिटला हुता. उघडा हुता तो डॉक्टरनं बसवलेला.' आणि खोटं का बोललीस? 'खोटं कुठं? कोपर हाय म्हंजी ती हाय.' अगं, पण आता ती बघणार, तेव्हा तिला दिसेलच ना! आईचा चेहरा उतरला. म्हणाली, 'म्हातारपनी तिला कळाय नगं रं, की आपून नुस्तं कोपर हुतो. मला माझं दिसलं, माझं भागलं.' म्हटलं, मग पेनड्राइव्ह मोडला म्हणून सांगतो. 'लबाडी करायची न्हाई!' म्हणजे सिनेमा लपवायचा नाही, बिघडवायचा नाही, लावायचा, पण विहिरीपर्यंत जाऊ द्यायचा नाही! तेराव्यांदा लावला. हिरो आला. विसाव्या मिनिटाला आई उठून दारात गेली आणि रस्त्यानं सायकलवर चाललेल्या गोरक्षला, आमच्या दूधवाल्याला, हाका मारायला लागली. 'गोरक्षा! ये की आत! करंजी खा! अरं, सिनेमा चाललाय... किरपादान, ह्यानं बघितला न्हाई, पहिल्यापासून लाव रं!'

बघा. अठ्ठावन्न वर्षांची केस जिंकलो आणि निकाल वाचायचा नाही! जस्टिन पुण्याला गेला, नाताळ संपला, करंज्या संपत आल्या, गावात आता पाहुणा उरला नाही. हनुमंत नऊ वेळा येऊन गेलाय, गोरक्ष आता दुसऱ्या आळीनं दूध घालायला जातो. आणि आक्काबाई रोज चार वाजता, शाल गुंडाळून, खुर्ची पुढे ओढून हजर. काल छत्तिसाव्या मिनिटापर्यंत गेला हो सिनेमा! शेळी हरवली! मी दारात जाऊन रस्त्यानं कुणी येतंय का बघून आलो, शेवटी लाईट गेली, मी देवाचे आभार मानले. मी! लाईट गेल्याबद्दल!

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, थंडी आहे, सुट्टी असेल, या आमच्याकडे. ओळख नसली तरी चालेल, दार उघडंच आहे. सगळे एकदम येऊ नका, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं या, मी वेळापत्रक करून देतो. या, बसा, करंजी नसली तर शेव खा, आणि खाता खाता एवढंच म्हणा, 'पहिल्यापासून लावा की!' मी लावीन. दुसरं काय करणार?